माणिककाकांचा थंड डबा

सोनाळ्यात नुसतं माणिकराव म्हणून विचारलंत तर लोक आधी तुम्हालाच विचारतील, कोणते माणिकराव? बर्फवाले म्हणा, मग कुणीही तुम्हाला भीमनगरातल्या आमच्या गल्लीत आणून सोडेल. माणिककाकांनी आयुष्यात बर्फाचा खडासुद्धा विकला नाही. ते आरोग्य खात्यात शिपाई होते आणि पोलिओच्या लशीचा डबा वाहायचे, एवढंच. पण वाहायचे असे, की बघणाऱ्याला वाटावं आत सरकारी खजिना आहे.

त्यांचं घर आमच्या घराला लागून. मी मंजुश्री, त्यांच्या छकुलीच्या वयाची. आम्हा दोघींना त्या निळ्या डब्याला हात लावायची परवानगी नव्हती. छकुली एकुलती एक लेक, तरी तिलाही नव्हती. एकदा उन्हाळ्यात तिनं झाकण उघडून आत गाल टेकवला, गार वाटतं म्हणून. काकांनी तिच्याशी दिवसभर बोलणं टाकलं. "तू गाल थंडा केला अन् तठी एखादं लेकरू लंगडं झालं तं?" दुसऱ्या दिवशी स्वतःच तिला कुल्फी घेऊन दिली. काकांना राग धरून ठेवता येत नाही. मला येतो. म्हणून हे मी सांगते आहे.

आरोग्य केंद्रातल्या बाकीच्या लशी सिस्टर स्वतः भरायच्या, त्यांचे नियम वेगळे. काकांकडे पोलिओचा डबा. ही लस गोठली तरी बिघडत नाही, तापली की मात्र कामातून गेली. हा एक नियम त्यांना नोकरीच्या सुरुवातीला कुणीतरी शिकवला आणि तो त्यांच्या अंगात भिनला. लशीच्या बाटलीवर एक पांढरा चौकोन असतो, लस तापली की तो काळपट होतो. काका गावोगावच्या बायकांना तो दाखवत. "पाह्य माय, चौकोन पांढरा हाये. तुह्या लेकराचा पाय शाबूत." बायकांना चौकोनाशी काही देणंघेणं नसायचं. काका दाखवल्याशिवाय सोडायचे नाहीत.

त्यांची खरी कीर्ती झाली ती एका पोलिओ रविवारी. वादळानं विजेचे खांब आडवे झाले होते, दोन दिवस लाईट नव्हती, आणि डब्यात ठेवायच्या बर्फाच्या पिशव्या पाण्याच्या पिशव्या होऊन बसल्या होत्या. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर जायचं होतं. केंद्राच्या डॉक्टरसाहेबांनी मोहीम पुढे ढकलायचं ठरवलं. काका जळगाव जामोदला गेले, स्टँडसमोरच्या कुल्फीवाल्याकडून फोडलेला बर्फ घेतला आणि त्यात कुल्फीवाले टाकतात तसं खडेमीठ मुठीमुठीनं टाकलं. मीठ पडलं की बर्फ नुसत्या बर्फापेक्षाही थंड होतो. शेवटच्या पाड्यावर झाकण उघडलं तेव्हा बाटल्यांवर पांढरं हिम चढलं होतं. चौकोन पांढरेशुभ्र. तालुक्याच्या बैठकीत साहेबांनी काकांना शाल आणि नारळ दिला. तो फोटो त्यांच्या घरात बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली लागला. पुढे कितीतरी वर्षं घरी आलेल्या पाहुण्याला चहाआधी ही गोष्ट ऐकावी लागे.

छकुलीसाठी स्थळं पाहायला गेले की काका आधी त्या घरचा माठ कुठे ठेवलाय ते पाहत. एका नोकरदार मुलाच्या घरचा माठ उन्हात होता, तर काकांनी नकार कळवला. तानाबाई, म्हणजे काकू, कपाळाला हात लावून म्हणाली होती, "पोट्टी द्यायची का लस ठेवायची?" शेवटी प्रसेनजितच्या घरी माठ निंबाच्या सावलीत, ओल्या पोत्यावर सापडला. लग्न जमलं. प्रसेनजित पुण्यात कंपनीत, छकुली त्याच्याबरोबर तिकडे. उन्हाळ्यात महिनाभर माहेरी यायची. काका निवृत्त झाले तेव्हा केंद्रानं त्यांना कडी तुटलेला एक जुना डबा निरोपात दिला. दुसऱ्या कुणाला असा निरोप दिला असता तर त्यानं तो तोंडावर फेकला असता. काका तो डोक्यावर घेऊन घरी आले.

आता माझ्या कामाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मी मलकापुरातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात प्रयोगशाळेत आहे. तळमजल्यावर आम्ही, वर अतिदक्षता विभाग. मोठ्या शहरातल्या एका संस्थेनं अभ्यासासाठी आमच्याकडे एक मशीन ठेवलं आहे. त्याचं नाव फ्लो सायटोमीटर. रक्तात जंतू माजले आणि त्यांच्याशी लढता लढता शरीर स्वतःचाच नाश करायला लागलं, तर त्याला सेप्सिस म्हणतात. सुरुवातीला तो ओळखू येत नाही, साध्या तापासारखा वाटतो. पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी खोटं बोलत नाहीत. जंतूंची चाहूल लागली की त्या काही तासांत अंगावर एक खूण चढवतात, सीडी ६४ नावाची. आम्ही रक्तात त्या खुणेला चिकटणारा चमकता रंग घालतो आणि पेशी एकामागे एक लेझरच्या किरणासमोरून सोडतो. जिनिंग कारखान्याच्या वजनकाट्यावरून कापसाच्या गाड्या एकेक करून जाव्यात, तशा. प्रत्येक पेशी किती चमकली ते मशीन मोजतं. चमक जास्त तर धोका जास्त. फक्त एक अट आहे. पेशी जिवंत आणि धड असायला हव्यात. रक्ताचा बर्फ झाला तर पेशी फुटतात, आणि फुटलेली पेशी काहीच सांगत नाही.

ही अट आम्ही अभ्यासात सामील झालेल्या सगळ्या छोट्या दवाखान्यांना सांगितली होती. मलकापुरात सभा झाली, समोसे झाले, पडद्यावर चित्रं झाली. नळी कोरड्या फडक्यात गुंडाळा, सावलीत आणा, बर्फात घालू नका. जळगाव जामोदचे गजेंद्र डॉक्टर पहिल्या रांगेत होते. त्यांनी मान डोलावली. त्यांच्या दवाखान्याचं नाव मी सांगत नाही, बोर्ड अजून तसाच झळकतो आहे. सभेतलं ज्ञान सभेतच ठेवून ते गाडीत बसले, कारण त्यांच्या कंपाउंडरला, धम्मदीपला, त्यातलं अक्षरही ठाऊक नव्हतं. हे त्यानंच मला नंतर सांगितलं.

गेल्या मे महिन्यात छकुली माहेरी आली. आमच्या भागातलं पाणी खारं, मुतखडा घरोघरी. तिलाही होता, अधूनमधून कंबर धरायची. या खेपेला कंबर दुखली आणि मागोमाग हुडहुडी भरून ताप आला. बाहेर रस्त्याचं डांबर वितळत होतं आणि छकुली गोधडीत कुडकुडत होती. शेजारपाजाऱ्यांनी ऊन लागलं म्हणून सांगितलं. कैरीचं पन्हं झालं, तळपायाला कांदा चोळून झाला. दुसऱ्या दिवशी ती बरळायला लागली तेव्हा काका-काकूंनी तिला जीपमध्ये घालून गजेंद्र डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी सलाईन लावलं, नेहमीचं इंजेक्शन दिलं. रक्तदाब खाली होता, श्वास भरभर चालला होता. सेप्सिसची ही दोन लक्षणं दिसल्यावर शिकाऊ नर्सनंही गाडी मागवली असती. पण पेशंट पुढे पाठवला की पेशंट हातचा जातो, आणि डॉक्टरला जमलं नाही असं गावात होतं. म्हणून त्यांनी मधली वाट काढली. रक्ताची एक नळी भरून घेतली आणि काकांना म्हणाले, "मलकापूरच्या मशीनवर तपासू. रिपोर्ट आला की मोठ्या दवाखान्यात न्यायचं का ते ठरवू." दवाखान्याचा मोटरसायकलवाला लग्नाला गेला होता. घरच्यांपैकी कुणीतरी नळी न्यायची होती.

काका म्हणाले, मीच नेतो. दुसरं कोण नेणार? ज्यानं जन्मभर दुसऱ्यांच्या लेकरांची लस नेली, तो स्वतःच्या लेकराचं रक्त दुसऱ्याच्या हाती देईल? धम्मदीपनं नळी हातात देताना म्हटलं, "सांभाळून न्या काका. ऊन लय आहे, खराब नाही झालं पाहिजे." त्यानं सांगितलं ते एवढंच. काकांनी सोनाळ्याच्या एका ओळखीच्या पोरासोबत घरून डबा मागवून घेतला. मग स्टँडसमोरच्या त्याच कुल्फीवाल्याकडे गेले. बर्फ घेतला. खडेमीठ घेतलं.

दुपारी काका आमच्या प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले तेव्हा सदरा घामानं अंगाला चिकटला होता, ओठ वाळून पांढरे पडले होते आणि चेहऱ्यावर त्या शालीच्या फोटोतलं हसू होतं. छकुलीला दवाखान्यात ठेवलंय हे मला तेव्हाच कळलं.

"पाह्य मंजू, हात लावून पाह्य," ते झाकण उघडत म्हणाले. "नांदुऱ्यापासून एसटीत पाय ठेवाले जागा नव्हती. पण थेंब नाही तापू देला."

बर्फाच्या चुऱ्यात मिठाचे खडे दिसत होते. मधे पिशवीत जांभळ्या झाकणाची नळी, बाहेरून पांढरी झालेली. मी ती आडवी केली, उलटी केली. रक्त हललं नाही.

तरी मी आत गेले. माणूस वेडी आशा धरतो, तशी मीही धरली. नळी वितळली तेव्हा आत रक्त नव्हतं, नुसतं पारदर्शक लाल पाणी होतं. ते मशीनवर चढवलं. एरवी पडद्यावर पेशींचे वेगवेगळे पुंजके दिसतात, प्रत्येकाची जागा ठरलेली. त्या दिवशी नुसता ठिपक्यांचा धुरळा उठला.

मी गजेंद्र डॉक्टरांना फोन लावला. नमुना गोठलाय, रिपोर्ट निघणार नाही, म्हणून सांगितलं. आणि विचारलं, छकुली कशी आहे?

"ताप उतरलाय तिचा," ते म्हणाले. "अंग थंड पडलंय, घाम आलाय. झोपली आहे. उद्या सकाळी ताजा नमुना पाठवतो."

"सर, ताप असा उतरून अंग थंड पडणं चांगलं नाही, सेप्सिस वाढला की असंच होतं. रिपोर्टची वाट नका पाहू. तिला आत्ता इकडे पाठवा."

"मॅडम, तुम्ही मशीन सांभाळा. पेशंट मी सांभाळतो," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मी बाहेर आले. काका बाकावर बसले होते, डबा मांडीवर, आणि तानाबाईशी फोनवर बोलत होते. मला पाहून त्यांनी फोन खाली केला. डोळ्यांत पाणी होतं, आनंदाचं. "अंग थंडं पडलं म्हणते तिचं. सुटली बाप्पा माही पोरगी तापातून."

त्या माणसाला मी काय सांगायचं होतं? आधी रक्ताचं सांगितलं. "काका, बर्फात नव्हतं घालायचं. गोठून फुटलं ते."

"मंग कशात घालाचं होतं?"

"कशातच नाही. फडक्यात गुंडाळून आणलं असतं तरी चाललं असतं."

ते डब्याकडे बघत राहिले. वितळलेलं खारं पाणी फटीतून त्यांच्या धोतरावर टपकत होतं. मी म्हटलं, रक्ताचं सोडा, अंग असं थंड पडणं हे लक्षण चांगलं नाही, छकुलीला गाडी करून इकडे आणा, आत्ताच्या आत्ता. मी वरच्या डॉक्टरांशी बोलते. काकांनी माझ्यासमोर गजेंद्र डॉक्टरांना फोन केला. उभं राहून केला. साहेबांचा फोन असला की ते नोकरीत असल्यापासून उभे राहतात. "हाव साहेब. हाव. बरं साहेब. सकाळी देतो साहेब रक्त." फोन ठेवून मला म्हणाले, "डॉक्टर नाही म्हणते हलवाले. रिपोर्टबिगर कसं न्यायचं?"

मी चिडले. आवाज चढवला. तुम्हाला पोरगी हवी की रिपोर्ट, इथपर्यंत बोलले. पण मी कोण? शेजारची मंजू, जी लहानपणी त्यांच्या अंगणात चिंचोके खेळायची. तो डॉक्टर. काकांनी उभ्या जन्मात डॉक्टरच्या शब्दापुढे पाऊल टाकलं नव्हतं, आणि त्याच आज्ञाधारकपणाबद्दल आपण सगळे त्यांना चांगला माणूस म्हणत आलो. ते रिकामा डबा घेऊन एसटीनं परत गेले.

सकाळी गजेंद्र डॉक्टरांचा मोटरसायकलवाला दुसरी नळी घेऊन आला. फडक्यात गुंडाळलेली, ताजी, अगदी नियमात. मी सगळी कामं बाजूला सारून ती लावली. पेशी एकेक करून लेझरसमोरून गेल्या आणि प्रत्येक पेशी ओरडून सांगत असल्यासारखी पेटलेली. आलेखाची पट्टी संपली तरी चमक संपेना. इतका मोठा आकडा मी त्या मशीनवर पाहिला नव्हता. मी दवाखान्यात फोन केला. कुणी उचलेना. पुन्हा केला. धम्मदीपनं उचलला.

"ताई," तो म्हणाला, "ते पेशंट गेलं."

माझ्या समोरच्या नळीत तिच्या पेशी अजून जिवंत होत्या. मी खुर्चीत बसून रडले, मग उठून रिपोर्टवर सही केली, कारण सही करावी लागते.

गजेंद्र डॉक्टरांनी व्हरांड्यात, सगळ्यांच्या देखत, प्रसेनजितच्या नातेवाइकांना सांगितलं की काल वेळेवर रिपोर्ट मिळाला असता तर पोरगी वाचली असती, पण तुमच्या सोयऱ्यानं रक्तच गोठवून टाकलं. किती सोपं झालं सगळं! डॉक्टर सुटला, दवाखाना सुटला, सभेतले समोसे सुटले. एक म्हातारा शिपाई तेवढा सापडला. सोनाळ्यात आता लोक बर्फवाले माणिकराव म्हणतात तेव्हा आवाज खाली करतात. पुण्याहून धावत आलेल्या प्रसेनजितनं काकांना काहीच विचारलं नाही. त्यानं विचारलं असतं, शिवी दिली असती, तर बरं झालं असतं.

संस्थेची माणसं महिनाभरानं आली. त्यांनी छकुलीचे दोन्ही नमुने अभ्यासातून वगळले. पहिला खराब म्हणून, दुसरा निर्णयाला उपयोगी पडला नाही म्हणून. मी म्हटलं, मग तुमच्या अभ्यासात ही बाई आजारी पडलीच नाही का? त्यांच्यातला एक तरुण गृहस्थ अतिशय सभ्यपणे म्हणाला, तसंच समजा. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. दिली नाही, कारण मशीन त्यांचं आणि पगार माझा.

दिवाळीनंतर मी घरी गेले होते तेव्हा काकांकडे डोकावले. बाबासाहेबांच्या फोटोखालची भिंत रिकामी होती, खिळा तेवढा राहिला होता. निळा डबा अंगणात आडवा पडला होता आणि त्यात पेंढा घालून तानाबाईनं कोंबडी अंड्यांवर बसवली होती. तानाबाईनं मला माठातलं पाणी दिलं. काकांनी मात्र उन्हात ठेवलेल्या बादलीतून तांब्या भरून घेतला आणि ते कोमट पाणी प्यायले.

"गार पाणी पितच नाही आता," तानाबाई म्हणाली. "मी बोलून बोलून थकली."

मग काका म्हणाले, "मंजू, एक इचारू? खरं सांगशीन?"

"विचारा."

"रक्त म्या मारलं?"

"रक्त मेलं, हो," मी म्हणाले, आणि माझा राग उसळला. मी बोलत सुटले. औषध रिपोर्टसाठी थांबत नसतं, त्या माणसाला समोर दिसत होतं, त्यानं तिला हलवायला हवं होतं, तुमच्या बर्फानं तिला काही झालं नाही, त्याच्या थांबण्यानं झालं. तुम्ही तक्रार करा, मी साक्ष द्यायला येते. काका ऐकत होते. पण दुसऱ्या कुणाबद्दल ऐकावं तसे.

मी थांबल्यावर ते म्हणाले, "एसटीत लय गर्दी होती वो. उभे असलेले लोक म्हणे डब्बा खाली ठेव, बुढ्या. नाही ठेवला. जळगावपासून मलकापूरपर्यंत मांडीवर धरून बसलो." त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले, तळवे वर करून. "त्या डब्ब्याच्या जागी तिलेच घेऊन बसलो असतो तं?"

तानाबाई उठून आत गेली.

"तुह्या मशीनच्या वरतं खाटा हायेत नं, त्या सीरियसवाल्या?"

"आहेत."

"त्या दिवशी रिकाम्या होत्या?"

मी त्यांच्या उघड्या तळव्यांकडे पाहिलं. या माणसानं जन्मभर बायकांना पांढरा चौकोन दाखवला, खोटं कधी सांगितलं नाही. मलाही सांगता आलं नाही.

"होत्या," मी म्हणाले.